सात हातांचा कायदा

घनश्यामने नागपूरच्या पुढे कधी पाऊल टाकले नव्हते. नागपूरलाही तो एकदाच गेला होता, लेक भाग्यश्रीच्या लग्नाचा बस्ता काढायला. पण अमेरिकेच्या वरच्या सभागृहात कोणत्या राज्याचा माणूस कोणत्या बाजूने हात वर करणार, हे तो चिमूरच्या बसस्टँडवर कोणालाही धरून सांगत असे. ज्यांची बस लागलेली असे ते निसटत. ज्यांची यायची असे ते बिचारे ऐकत.

ही विद्या त्याला पायापासून लागली. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुमाराला घरावरचे कवेलू, म्हणजे कौले, फेरायला चढला आणि तिथून आला खाली. पायाला प्लास्टर बसले. पडल्या पडल्या जीव रमावा म्हणून जावयाने जुना फोन आणून दिला. त्याच्या बायकोने, गोकुळाने, हात जोडून जावयाला म्हटले, बरे केले बापा, भजनं ऐकतील. चार दिवस त्याने भजने ऐकलीही. पाचव्या दिवशी त्याला फोनात लाल टाय लावलेला एक हिंदी बोलणारा माणूस सापडला. हा माणूस रोज अमेरिकेत काय झाले ते असे सांगे, जसे काही त्याच्या स्वतःच्या भावकीत झाले आहे. प्लास्टर निघाले, पाय बरा झाला. टायवाला काही घरातून निघाला नाही.

तिकडे दोन पार्ट्या. एकीचे चिन्ह हत्ती, दुसरीचे गाढव. घनश्याम हत्तीचा झाला. गोकुळाची नणंद कुरखेड्याकडे दिलेली. तिच्या उभ्या धानात लागोपाठ दोन वर्षे हत्तींचा कळप शिरला होता, आणि हा इकडे खाटेवर बसून हत्ती जिंकला म्हणून साखर वाटत होता. गोकुळाने एवढेच म्हटले, "हे साखर बहिणीच्या घरी पाठवा. तिथं हत्ती येऊन गेले."

"थे हत्ती वेगळे, हे हत्ती वेगळे," घनश्याम म्हणाला. "तुले राजकारण समजत नाई."

घनश्याम हत्तीचा झाला म्हटल्यावर त्याचा चुलतभाऊ इसरू गाढवाचा झाला. त्याला दुसरे कारण लागले नाही. लहानपणी घनश्याम तलावाच्या वरच्या अंगाने पोहला की इसरू खालच्या अंगाने पोहे. दोघांची घरे भिंतीला भिंत लावून. बायका एकाच पाटीतून चिमूरच्या बाजारात मासळी नेत, एकाच फडक्यावर मांडून विकत, परतताना एकाच पुडीतला चिवडा खात. इसरूची बायको कलाबाई म्हणायची, "आपले दोघं जर कावडीत बसवले असते, तं कावड कधी झुकलीच नसती, गोकुळाबाई. इतके बरोबर आहेत."

गाव ढिवरांचे. गावाच्या उगवतीला मालगुजारीच्या काळातला मोठा तलाव. त्या तलावाची मच्छिमार संस्था, तिची अकरा जणांची कमिटी, घनश्याम तिचा अध्यक्ष. कमिटीत दोन बायका घ्याव्याच लागतात म्हणून गोकुळा आणि कलाबाई यांची नावे घातलेली. सभेचे रजिस्टर सही करायला घरी येई. गोकुळा चुलीवरून उठून हात पुसून सही करी आणि पुन्हा भाकर थापायला बसे. काय लिहिले आहे ते ना कोणी सांगितले, ना तिने विचारले.

पूर्वी सभा म्हणजे काय होते, तर पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चार म्हातारे बसायचे, यंदा किती बीज टाकायचे, कोणाकडून आणायचे, सांडव्याला जाळी केव्हा बांधायची, हे बोलायचे आणि माना हलवून उठायचे. त्यात भांडणे नव्हती असे नाही. पण भांडण तलावाचे असे.

घनश्यामला हे आता गावठी वाटू लागले. मागच्या वर्षीच्या सभेत त्याने नियम मांडला. अमेरिकेच्या वरच्या सभागृहात शंभरापैकी साठ हात वर झाल्याशिवाय मोठे काम पुढे सरकत नाही. म्हणून आपल्या अकरात सात हात वर झाल्याशिवाय संस्थेचा एक पैसा खर्च व्हायचा नाही. सभेला आलेल्यांना बाहेर शिजत असलेल्या खिचडीचा वास येत होता. सगळ्यांनी हात वर केले. कशाला वर केले हे त्यातल्या निम्म्यांना हात धुताना समजले.

घनश्यामच्या मनातला हिशेब असा होता की उद्या इसरूची माणसे जास्त झाली तरी त्याला काही करता येऊ नये. माणूस दुसऱ्याच्या पायासाठी फास लावतो तेव्हा स्वतःचा पाय कुठे आहे ते पाहत नाही.

यंदा पाऊस चांगला झाला. तलाव काठोकाठ. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली माशांची पिल्ले, टाकायला यासारखे वर्ष नाही. तलावातले जुने मासे संपत आलेले. यंदा बोटुकली पडली नाही तर पुढच्या वर्षी पाटीत काय घालायचे, हा गोकुळाच्या घरासमोरचा प्रश्न होता आणि गावातल्या प्रत्येक ढिवराच्या घरासमोरचा तोच होता. मत्स्यबीज केंद्रावर संस्थांची पाळी लागलेली असते. आपल्या पाळीला उचलले नाही तर ते दुसऱ्या तलावात जाते, मग कोणाच्या दारात रडायचे.

नवरात्रात सभा भरली. घनश्यामने एकच ठराव मांडला आणि त्या एका ठरावात तीन गोष्टी कोंबल्या. बोटुकली आणायची. पाळीवर टिनाचे शेड बांधायचे, त्यात अध्यक्षाची खुर्ची, बाहेर पाटी. आणि आजारी सभासदाला दवाखान्यात जायला संस्था जी मदत देते ती बंद करायची, कारण खर्च फार वाढला आहे आणि तिकडे हत्तीवालेही खर्च कमी करा म्हणूनच सांगत आहेत.

इसरू उठला. दवाखान्याची मदत बंद झाली तर आमचे हात वर होणार नाहीत, गाढववालेही तिकडे दवाखान्यासाठीच अडून बसले आहेत, असे त्याने सांगितले.

ऐकणाऱ्याला वाटेल, इसरूची बाजू गरिबाची. तर तीही हकीकत ऐकावी. चार वर्षांपूर्वी ही मदत सुरू केली होती घनश्यामनेच, आणि तिला उभे राहून विरोध केला होता इसरूने, घनश्यामने मांडली म्हणून. त्याच वर्षी कलाबाईच्या पित्ताशयातले खडे काढावे लागले आणि त्याच मदतीतून ती चंद्रपूरला गेली. म्हणजे आता घनश्याम आपले लेकरू मारायला निघाला होता आणि इसरू ज्याला जन्मूच देत नव्हता त्याच्यासाठी छाती पिटत होता. दोघांनाही यात काही विचित्र वाटत नव्हते. ज्याच्या मनात देव नसतो त्याला लाजही फार वेळ सोबत करत नाही.

हात मोजले. सहा इकडे, पाच तिकडे. सहात गोकुळाचा आणि पाचात कलाबाईचा हात धरलेला होता. त्या दोघी तेव्हा देवीच्या ओटीचे नारळ आणायला गेल्या होत्या. सात काही झाले नाहीत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी टायवाल्याने सांगितले की अमेरिकेत खर्चाला मंजुरी मिळाली नाही म्हणून सरकारच बंद पडले. दफ्तरांना कुलपे, नोकर घरी. घनश्यामचे डोळे चमकले. तो तसाच उठला, मारुतीच्या देवळामागच्या खोलीकडे गेला. त्या खोलीत संस्थेची जाळी आणि वल्ही राहत. तिला त्याने पितळी कुलूप घातले.

"काहो, हे काय करून राह्यले?" गोकुळाने विचारले.

"बंद. ठराव होत नाई तोवर कामकाज बंद. अमेरिकेसारखं."

"अन् बाजारात काय नेऊ?"

"हे दबाव टाकाचं तंत्र असते. इसरूवर दबाव येईन."

"इसरूवर काऊन येईन? त्याचं पोट भरते थे कलाबाई. दबाव तिच्यावर येईन अन् माह्यावर."

घनश्यामने फोन कानाला लावला. त्यात कोणी बोलत नव्हते हे गोकुळाला दिसत होते.

दसऱ्याला ढिवराच्या घरी जाळ्याची पूजा असते. शेतकरी नांगर पुजतो, लोहार ऐरण पुजतो, ढिवराचे पोट जाळ्यावर. जाळी बाहेर काढायची, पाण्याने शिंपायची, हळदकुंकू, आपट्याची पाने, नारळ. गोकुळा सासरी आली तेव्हापासून एक वर्ष चुकले नव्हते, सासू गेली त्या वर्षीही शेजारणीने केली होती. यंदा बायका ताटे घेऊन देवळामागे गेल्या तर दाराला कुलूप. किल्ली अध्यक्षाच्या कडदोऱ्याला, आणि अध्यक्ष चिमूरला, बसस्टँडवर.

बायका थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग गोकुळाने पदर डोक्यावर घेतला आणि कुलपालाच हळदकुंकू लावले. कलाबाईने आपट्याचे पान कडीत खोचले.

"कुलपा," कलाबाई म्हणाली, "आमच्या पिढ्यानपिढ्याच्या पुजेत तुझं नाव नव्हतं. पण आता तूच अध्यक्ष."

बायका हसल्या. गोकुळा हसली नाही. ती घरी येऊन देवापुढे बसली आणि तिने समईची वात दोनदा सारखी केली. इतकी वर्षे ती या माणसासाठी देवाजवळ आयुष्य मागत आली होती. त्या दिवशी तिने पहिल्यांदा अक्कल मागितली, आणि मागताना तिला वाटले की आयुष्य देणे देवाला सोपे गेले असते.

संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेची घंटा पूर्वी घनश्याम वाजवत असे. आता घंटेच्या वेळी तिकडे दिवस उजाडतो म्हणे, आणि टायवाल्याचे ताजे येते. प्रार्थनेला बायका, दोन म्हातारे आणि मारुती एवढेच उरले होते. इसरूही येत नव्हता. तो गाढवाच्या बाजूचा दुसरा टायवाला पाहत असे.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कमरुद्दीनचा टेम्पो पाळीखाली येऊन उभा राहिला. कमरुद्दीन चिमूरचा. बर्फ, जाळी, मासळीचे बीज यांचा त्याचा धंदा; बापाच्या वेळेपासून या गावचे बीज तेच आणतात. बीज केंद्रावरची पाळी गावाची होती, म्हणून तो नेहमीसारखा घेऊन आला. टेम्पोत हवा भरून फुगवलेल्या पिशव्या, त्यात रोहू, कतला, मिरगल, बोटाएवढी चकचकीत पिल्ले. पिशवीतली हवा संपली की त्यांचा खेळ संपतो. हे कोणाला शिकवावे लागत नाही. तिथल्या लेकरालाही ठाऊक असते.

सभा ताबडतोब समाजमंदिरात भरली. कमरुद्दीन दारात उभा राहून म्हणाला, "भाऊ, उन्हं चढून राह्यली. जल्दी करा."

"लोकशाहीत जल्दी चालत नाई, कमरुद्दीनभाऊ," घनश्याम म्हणाला. "तिकडे पाह्य, किती दिवस झाले बंद आहे, कोणी घाबरलं काय?"

"तिकडं माझा टेम्पो नाई उभा," कमरुद्दीन म्हणाला.

घनश्यामने सुरुवात केली. आधी सरकार उघडा, मग दवाखान्याचे बोलू, असे हत्तीवाल्यांचे म्हणणे आहे. इसरूने सांगितले की गाढववाले म्हणतात, आधी दवाखान्याचे कबूल करा, मगच उघडू. घनश्यामने विचारले, मग उपाशी नोकरांची जबाबदारी कोणाची. इसरूने सांगितले, ज्यांचे राज्य त्यांची. बाकीचे सात पुरुष आपापल्या नेत्याच्या तोंडाकडे पाहत माना हलवत होते. बोटुकलीचे नाव अजून कोणी काढले नव्हते.

तेव्हा गोकुळा आणि कलाबाई आत आल्या आणि सतरंजीवर बसल्या. सगळे थांबले. सभेत बाई बसलेली कोणी पाहिली नव्हती.

"काय पाह्यजे?" घनश्यामने विचारले.

"आमी दोघी मेंबर आहो ना?"

"कागदावर आहा."

"तं कागदावरच बसतो. तुमी तुमचं शेड बाजूले ठेवा, इसरूभाऊ तुमी दवाखाना उद्या बोला. आज एकच इचारा. बोटुकली टाकाची का नाई. मोजा हात."

"असं एकटं काढून मांडता येत नाई," घनश्याम म्हणाला. "सगळं एकात बांधलेलं आहे. थेच तं तंत्र आहे."

"सोडा मंग गाठ."

इसरूला वाटले, ही घनश्यामची चाल आहे. घनश्यामला वाटले, कलाबाईला इसरूने पढवून पाठवले आहे. तरी हात मोजावे लागले. गोकुळाने हात वर केला. कलाबाईने हात वर केला. बाकीच्या नऊ जणांचे हात मांडीवर होते. त्यातल्या प्रत्येकाच्या घरी चूल होती, आणि ती चूल या तलावावर पेटत होती. एक जण बोटांनी सतरंजीचा धागा उसवत होता. एकाने हात जरा उचलला, इसरूकडे पाहिले आणि त्याच हाताने कान खाजवला.

"दोन," घनश्याम म्हणाला. "सात पाह्यजे. नामंजूर."

गोकुळाने त्याच्याकडे नीट पाहिले. लग्नात याच माणसाला पाहून तिला वाटले होते की बाप्याचे खांदे कसे रुंद आहेत. हे खांदे आजही तसेच होते. वर जे ठेवले होते तेच रिकामे निघाले.

"चाल, कला," ती म्हणाली.

टेम्पोपाशी गेल्या तर कडेच्या पिशव्यांत पिल्ले उलटी झालेली, पांढरी पोटे वर करून. कलाबाईने तोंडावर पदर धरला. गोकुळाने बाजूच्या घरांना हाका मारल्या. बायका आल्या, पदर खोचून, जशा होत्या तशा. एकीच्या हाताला पीठ.

"भाभी, एक मिनिट," कमरुद्दीन म्हणाला. "ठराव नाई, सही नाई. उद्या हे लोक माझ्यावरच उलटले तं मी कोणाले धरू?"

"मले धरा," गोकुळा म्हणाली. "पिल्लं मरून राह्यली, अन् तुमी सही इचारता? तुमच्या बापानं कधी इचारली होती?"

कमरुद्दीनने चपला काढल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पहिली पिशवी स्वतः खांद्यावर घेतली. "पैशाचं शिमग्याले पाहू," तो म्हणाला.

पाण्याशी गोकुळा थांबली. कितीही घाई असो, तलावाची ओटी भरल्याशिवाय बीज पाण्यात पडत नाही. नारळ कोणाजवळ नव्हता. तिने ओंजळभर पाणी उचलून कपाळाला लावले, कुंकवाच्या बोटाने पाण्याला टेकले आणि मनात म्हणाली, माय, आज एवढ्यावरच घे. मग पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या. पिशवीतले पाणी तलावाच्या पाण्याइतके गार झाले पाहिजे, नाहीतर पिल्ले धसक्याने जातात. बायका कमरेइतक्या पाण्यात पिशव्या धरून उभ्या राहिल्या. एकेका पिशवीचे तोंड सोडले तशी पिल्ले अंधारात सुटलेल्या ठिणग्यांसारखी निसटली. अर्धी गेली होती. अर्धी गेली पाण्यात.

इकडे समाजमंदिरात पुरुषांना समजले. हे बेकायदेशीर आहे, यावर घनश्याम आणि इसरू यांचे वर्षानुवर्षांत पहिल्यांदा एकमत झाले. निषेधाचा ठराव मांडला. पण त्यात आधी नाव कोणाच्या बायकोचे लिहायचे यावर वाद पेटला, आणि शेवटी हात मोजले तर पाच इकडे, चार तिकडे. सात झाले नाहीत. स्वतःच्या बायकांचा निषेध करण्याइतकाही त्यांचा कायदा कामाचा ठरला नाही.

त्या दिवशी घनश्याम घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

"तुयावर नोटीस काढू शकतो मी," तो म्हणाला.

"काढा. सही कराले घरीच आणा, नेहमीसारखं," गोकुळाने त्याच्यापुढे ताट ठेवले. ताटात भात आणि चिंचेचे सार. मासळी नव्हती. कुलूप त्याचेच होते.

दिवाळी गेली. पुढे एक दिवस टायवाल्याने सांगितले की अमेरिकेचे सरकार उघडले. हत्तीवाले म्हणाले आम्ही जिंकलो, गाढववाल्यांतले काही म्हणाले आम्ही कशासाठी बसलो होतो ते निदान जगाने पाहिले. दवाखान्याचे काय झाले तर पुढे बोलू. घनश्यामने त्याच दिवशी देवळामागचे कुलूप काढले, आणि पारावर बसून सांगितले की आपण जिंकलो. इसरूनेही दुसऱ्या पारावर तेच सांगितले. आतली जाळी उंदरांनी कुरतडली होती. बायकांनी ती ओट्यावर पसरली आणि सुया घेऊन बसल्या.

चिमूरच्या बालाजीची घोडायात्रा आटोपली आणि पहिली जाळी पडली. मासळी हातभर नव्हती, पण ओंजळीत मावणार नाही एवढी झाली होती. हिवाळा गोड गेला होता आणि अर्ध्याच पिल्लांना सगळ्या तलावाचे खाणे मिळाले होते.

पहिल्या मासळीचे वाटे तिथल्या रीतीनेच पडतात. पाळीवर घराघराचे ढीग मांडायचे. एकाने सगळ्यांकडे पाठ करून उभे राहायचे. दुसऱ्याने ढिगावर बोट ठेवून विचारायचे, हा कोणाचा. आणि पाठमोऱ्याने नाव घ्यायचे. न पाहता घेतलेले नाव, त्यात कोणाला कमी-जास्त म्हणता येत नाही. पाठमोरे कोणी उभे राहावे यावर यंदा पुरुषांत पुन्हा हात मोजायची वेळ आली. ते मोजत असतानाच गोकुळा पाण्याकडे तोंड करून उभी राहिली होती.

कलाबाईने पहिल्या ढिगावर बोट ठेवले. "हा कोणाचा?"

आजवर इथे घरच्या पुरुषाचे नाव घेत. घनश्यामने फोन खिशात टाकला. तिकडे पुन्हा कशाच्या तरी मंजुरीवरून तणातणी सुरू होती, पण मासळी समोर होती.

"सत्यशीलाचा," गोकुळा म्हणाली. सत्यशीला म्हणजे त्या दिवशी पिठाच्या हाताने पाण्यात उतरलेली.

"हा?"

"बुधरीचा."

पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. गोकुळा एकेक नाव घेत गेली, आणि त्यात एकही पुरुषाचे नव्हते.

"अवं, आमचे नावं?" इसरू म्हणाला.

"हात वर करा," कलाबाई म्हणाली. "सात झाले तं सांगजा."

कोणीतरी हसले. घनश्याम हसला नाही आणि रागावलाही नाही. तो फक्त ढीग मोजत होता, आपल्या घराचा कोणता असेल म्हणून. कलाबाई शेवटच्या दोन ढिगांपाशी आली. त्यातला एक जरा लहान होता.

"हा लहाना कोणाचा?"

विचारताना तिने लहान असे म्हणायला नको होते, रीत मोडली. गोकुळाने मागे वळून पाहिले नाही.

"माझा," ती म्हणाली. "जो उरला थो तुझा. उचल, बाजार भरला असन."